न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग

गौड सारस्वत समाजास ललामभूत ठरलेले काशिनाथपंत तेलंग यांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० रोजी मुंबईत झाला. एल्फिन्स्टन विद्यालयात शिकून १८७२ साली ते वकिलीत शिरले. संस्कृताचा व्यासंग त्यांनी कधी सोडला नाही. त्यांचे भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर १८८२ साली प्रसिद्ध झाले. १८८९ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

जुने सुप्रीम कोर्ट व सदर अदालती यांच्या जागी हे न्यायालय १८६२ साली स्थापन झाले होते. मुंबई शहरातील मोठे दावे तेथे प्रथमच चालत, तर जिल्ह्यांतून अपिले येत. वाटणी, दत्तक, वारसा यांचे प्रश्न धर्मशास्त्रावरून सोडवावे लागत. परंतु बहुतेक इंग्रज न्यायाधीशांची भिस्त भाषांतरांवर असे. काशिनाथपंत मूळ ग्रंथच उघडीत.

पिता आपल्या वडिलांशी वा भावांशी एकत्र असताना त्याच्या संमतीवाचून पुत्रास वाटणी मागता येते काय, हा प्रश्न एकदा पूर्णपीठापुढे आला. बहुमताने नकार दिला. काशिनाथपंतांनी मिताक्षरेचा आधार घेऊन पुत्राचा हक्क मान्य करणारा भिन्न निर्णय लिहिला. त्या दाव्यात त्याने फळ मिळाले नाही. तथापि पुढील पिढ्यांतील कायदेपंडितांना त्याची दखल घ्यावी लागली.

१ सप्टेंबर १८९३ रोजी, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. न्यायासनावर त्यांना जेमतेम चार वर्षे लाभली. मूळ वचन स्वतः पाहावे, सहकाऱ्यांचा मान राखावा आणि पटले नाही तर सकारण वेगळे लिहावे, हा उत्तम न्यायाधीशाचा धर्म त्यांनी आचरून दाखविला.