श्वासाचे माप घेणारा डॉक्टर

छातीच्या विकाराची तपासणी करून घेण्यासाठी आलेल्या रुग्णाला एका नळीत जोराने फुंकर मारायला सांगितले जाते. त्याआधी त्याचे वय आणि उंची यांची नोंद होते. फुंकरीचा आणि उंचीचा काय संबंध, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनमधील एका डॉक्टरांनी शोधून काढले होते. त्यांचे नाव जॉन हचिन्सन.

हचिन्सन यांचा जन्म १८११ मध्ये ईशान्य इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या परिसरात झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. तो काळ क्षयरोगाच्या थैमानाचा होता. क्षयाचा जंतू १८८२ मध्ये सापडला आणि क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला. हचिन्सन यांच्या काळात डॉक्टरांच्या हाती होता तो केवळ स्टेथोस्कोप. छातीतून वेगळा आवाज ऐकू येईपर्यंत आजार बहुधा हाताबाहेर गेलेला असे. हचिन्सन एका जीवनविमा कंपनीचेही काम पाहत. वरवर धडधाकट दिसणारा माणूस खरोखरच निरोगी आहे काय, हे ठरविण्याची गरज त्यांना तेथे रोजच भासत होती.

यासाठी त्यांनी ‘स्पायरोमीटर’ हे उपकरण तयार केले. त्याची रचना साधी होती. पाण्याने भरलेल्या भांड्यात दुसरे भांडे उपडे ठेवलेले आणि वजने लावून तोललेले असे. माणसाने उभे राहून छाती भरून श्वास घ्यायचा आणि तो सगळा नळीतून सोडायचा. आत शिरलेल्या हवेने उपडे भांडे वर उचलले जाई आणि पट्टीवर हवेचे माप कळे. पूर्ण श्वास घेतल्यानंतर जास्तीत जास्त जितकी हवा बाहेर सोडता येते, तिला हचिन्सन यांनी ‘व्हायटल कपॅसिटी’ असे नाव दिले. जगण्याशी थेट निगडित असलेली क्षमता, हा त्यामागील अर्थ. कितीही जोर लावला तरी काही हवा फुफ्फुसात उरतेच, हेही त्यांनी स्पष्ट केले.

१८४६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात २,१३० व्यक्तींच्या मापनांचा आधार होता. त्यांत खलाशी, पोलीस, सैनिक, अग्निशामक जवान, छापखान्यातील कामगार, पहिलवान, निराधार आणि श्रीमंत असे सर्व थरांतील लोक होते. या आकडेवारीतून एक नियम हाती आला. उंची एक इंचाने वाढली, की ही क्षमता सुमारे ८ घनइंचांनी वाढते. वयाच्या पस्तिशीनंतर मात्र ती हळूहळू घटत जाते. म्हणजेच निरोगी माणसाची क्षमता किती असावी, हे आधीच सांगता येऊ लागले. त्याहून ती बरीच कमी भरली, तर तो धोक्याचा इशारा होता.

फ्रीमन नावाच्या महाकाय अमेरिकी मुष्टियोद्ध्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जवळजवळ सात फूट उंचीच्या या माणसाची क्षमता १८४२ मध्ये ४३४ घनइंच, म्हणजे सुमारे सात लिटर होती. दोन वर्षांनी ती ४०० च्या खाली आली. पुढे क्षयानेच त्याचा बळी घेतला.

एवढे होऊनही विमा व्यवसायात स्पायरोमीटर रुजला नाही. १८५२ मध्ये हचिन्सन यांनी इंग्लंड सोडले आणि ते ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात, सोन्याच्या खाणींच्या मुलखात गेले. तेथून ते फिजी बेटांवर पोहोचले. तेथेच १८६१ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाचे मोल कळायला बराच काळ जावा लागला. १९४७ मध्ये फ्रान्समधील तिफनो आणि पिनेली यांनी त्यात वेळेची जोड दिली. एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडते, हे मोजले जाऊ लागले आणि दमा व श्वासनलिका अरुंद करणारे अन्य विकार ओळखणे सुकर झाले. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील प्रदीर्घ पाहणीत, ही क्षमता कमी असलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे आढळले. विमा कंपनीत काम करणाऱ्या हचिन्सन यांचा अंदाज खरा ठरला होता.

आज रक्तदाब सर्रास मोजला जातो. श्वासाच्या वाट्याला मात्र ते भाग्य आलेले नाही. विडी-सिगारेट, चुलीचा धूर आणि प्रदूषित हवा यांमुळे फुफ्फुसांची ताकद नकळत घटत जाते. जिना चढताना लागणारी धाप वयाच्या माथी मारली जाते आणि उपचाराची वेळ निघून जाते. ही घट वेळीच आकड्यांत दिसावी, यासाठीच हचिन्सन यांनी हजारो माणसांना नळीत फुंकर मारायला लावली होती.