पदवी मिळाली, पण काम?

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव निघाले की पहिल्या स्त्री डॉक्टर म्हणून त्यांचा गौरव होतो आणि बहुधा तेथेच विषय संपतो. कल्याणकरांना तर त्यांचा विशेष अभिमान, कारण त्या येथल्याच जोशी घराण्यातल्या. परंतु या गौरवात एक गोष्ट झाकली जाते. ज्या पदावर त्यांची नेमणूक झाली होती, त्याचा कार्यभार त्यांना कधीच स्वीकारता आला नाही.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या, वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या विधुर गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला. पत्नीने शिकावे हा गोपाळरावांचा ध्यास होता. पण त्या ध्यासात जबरदस्ती होती, प्रसंगी मारहाणही होती. चौदाव्या वर्षी आनंदीबाई माता झाल्या आणि दहा दिवसांतच ते मूल दगावले. पुरुष वैद्यापुढे आपले दुखणे सांगण्यास संकोचणाऱ्या असंख्य स्त्रियांना स्त्री वैद्य हवी, हा त्यांचा निश्चय पुढे याच दुःखातून दृढ झाला.

१८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे जाहीर भाषण करून त्यांनी आपल्या परदेशगमनाची कारणे समाजासमोर मांडली आणि एप्रिलमध्ये पतीच्या सोबतीशिवाय कलकत्त्याहून अमेरिकेला प्रयाण केले. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, कडाक्याच्या थंडीत, शाकाहाराचे व्रत सांभाळीत आणि ढासळत्या प्रकृतीशी झगडत त्यांनी अभ्यास पुरा केला. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली तेव्हा त्यांना एकविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. कोल्हापूर संस्थानाने आपल्या रुग्णालयातील स्त्री-विभागाची प्रमुख म्हणून त्यांना नेमले. वर्षअखेर त्या परतल्या, पण क्षय सोबत घेऊन; आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

या जीवनाला केवळ दैवदुर्विलास म्हणून हळहळणे सोपे आहे. पुरुषाला जी पदवी केवळ बुद्धी आणि पैसा यांच्या बळावर मिळत होती, तिच्यासाठी या स्त्रीला धर्म न सोडण्याची हमी द्यावी लागली, पतीची इच्छा सांभाळावी लागली आणि लोकांचा उपहास सोसावा लागला. हा जादा भार कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेला नव्हता. शिवाय देऊ केलेले पदही स्त्री-विभागापुरतेच होते. दार उघडले खरे, पण कुंपणासह.

ज्या जगल्या आणि ज्यांनी काम केले, त्यांचीही वाट सुकर नव्हती. त्याच १८८६ साली कलकत्त्यात वैद्यक पुरे केलेल्या कादंबिनी गांगुली यांच्या चारित्र्यावर एका वृत्तपत्राने चिखलफेक केली. तेव्हा त्यांना न्यायालयात जावे लागले. रखमाबाईंना तर प्रथम नकोशा विवाहाविरुद्ध खटला लढावा लागला. मगच त्या डॉक्टर होऊन सुरत आणि राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा करू शकल्या. स्त्रीच्या कामाची परीक्षा होण्याआधी तिच्या शीलाची परीक्षा घेण्याची ही रीत आजही पुरती गेलेली नाही.

आज कल्याण-डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने हजारो स्त्रिया कामावर जातात. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली आला आणि दहा वा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती बंधनकारक झाली. तरीही मुलाखतीत लग्नाचा आणि मुलांचा प्रश्न स्त्रीलाच विचारला जातो. बढतीच्या वेळी तिची रजा मोजली जाते आणि त्याच वयाच्या पुरुषाचे पितृत्व मात्र कोणाच्या ध्यानातही येत नाही. समिती अनेकदा भिंतीवरील फलकापुरती उरते. घरचा स्वयंपाक आटोपून गाडी गाठणाऱ्या स्त्रीचा दिवस कचेरीच्या घड्याळापेक्षा कितीतरी आधी सुरू झालेला असतो, याची नोंद कोणत्याच हजेरीपटावर नसते.

आनंदीबाईंचे पुतळे आणि जयंत्या यांना विरोध करण्याचे कारण नाही. मात्र कल्याणच्या या कन्येविषयी अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक कचेरीने, रुग्णालयाने आणि कारखान्याने एवढे तपासून पाहावे, की आपल्याकडे आलेली स्त्री झिजून जाण्यापूर्वी तिला तिचे काम करता येते की नाही. पहिली कोण, हा प्रश्न इतिहासाने केव्हाच सोडविला आहे. शंभराव्या स्त्रीलाही तेच कष्ट का पडावेत, याचे उत्तर आपल्याला द्यावयाचे आहे.