रहीम साहेबांची शाळा

स्मरणिकेसाठी नेतृत्वावर काहीतरी लिही, असा निरोप आपल्या बॅचच्या ग्रुपवर आला. मी सॉफ्टवेअर कंपनीत बारा-तेरा जणांची टीम सांभाळते म्हणून असेल. पण मला लिहायचंय ते एका शाळामास्तरांबद्दल. नोकरीनिमित्त काही वर्षं हैदराबादला होते, तिथे त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. आजोबांच्या काळी आपलं राजूरही हैदराबाद संस्थानातच होतं. म्हणजे ते आपल्याच मुलखातले.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादला झाला. उस्मानिया विद्यापीठात शिकले, तिथेच फुटबॉल खेळले आणि मग शाळेत शिक्षक झाले. शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा घेतल्यावर शाळेतले खेळही त्यांच्याकडे आले. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि शहर पोलिसांच्या संघाला शिकवू लागले. या संघाने मुंबईच्या कूपरेज मैदानावर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला.

रहीम साहेबांची पद्धत मास्तरांचीच होती. ते मुलांसाठी वेगळ्याच स्पर्धा भरवत. एखाद्या स्पर्धेत फक्त कमजोर पायाने खेळायचं. दुसरीत चेंडूला दोनदाच स्पर्श करून तो पुढे द्यायचा. उजवा पाय चांगला चालतो म्हणून डाव्याला सुट्टी, असा लाड नव्हता.

ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारताने इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक घेतलं. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं. आपले काही खेळाडू तिथे अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. रहीम साहेबांनी स्वतःचीही उजळणी केली. दोनऐवजी तीन बचावपटू ठेवणारी रचना त्यांनी आणली आणि हंगेरीच्या खेळाचा अभ्यास केला. १९५६ ला मेलबर्नमध्ये भारत ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवून उपांत्य फेरीत गेला आणि अखेर चौथा आला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले ते मूळच्या गोव्याच्या, मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने.

१९६० च्या रोम ऑलिंपिकच्या चमूत त्यांचा मुलगा हकीम होता. त्याला एकाही सामन्यात उतरवलं नाही. बाप म्हणून काय वाटलं असेल ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

१९६२ ला जकार्ताची आशियाई स्पर्धा आली तोवर त्यांना कर्करोगाने गाठलं होतं. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० ने जिंकला. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला मार लागून टाके पडले. गोलरक्षक थंगराज आजारी. एका राजकीय वादामुळे प्रेक्षकही विरोधात. रहीम साहेबांनी जर्नेलसिंगला घरी पाठवलं नाही, त्याची जागा बदलली. बचावातून काढून थेट आघाडीला नेलं. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाच समोर होता. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी एकेक गोल केला, बरा झालेला थंगराज गोलात उभा राहिला आणि भारत २-१ ने जिंकला. ११ जून १९६३ ला रहीम साहेब गेले. फुटबॉलमधलं आशियाई सुवर्ण त्यानंतर भारताला अजून मिळालेलं नाही. परवा परवा त्यांच्यावर 'मैदान' सिनेमा आला, तेव्हा कुठे घरोघरी त्यांचं नाव पोचलं.

आता माझी एक चूक सांगते. माझ्या टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलाला एक काम जमत नव्हतं. तारीख जवळ आली होती, म्हणून मी ते काढून घेतलं आणि रात्री बसून स्वतः केलं. पुढच्या वेळीही तेच केलं, त्याच्या पुढच्या वेळीही. मला वाटायचं, मी त्याला सांभाळून घेतेय. वर्षभराने तो नोकरी सोडून गेला, तेव्हाही त्याला ते काम येत नव्हतं. त्याचा डावा पाय मी कधी जमिनीला टेकूच दिला नाही.

आणि आठवतंय ना, आठवीत मी फळ्यापुढे खडू धरून रडत उभी होते? आपल्या गणिताच्या सरांनी मला जागेवर बसवलं नाही की उदाहरण स्वतः सोडवून दिलं नाही. तास संपेपर्यंत बाजूला उभे राहिले. तेव्हा फार राग आला होता. पुढे इंजिनिअरिंगला चार वर्षं गणितावरच निघाली.

सर, यंदाच्या मेळाव्याला तुम्ही येणार आहात असं कळलं. तो राग गेला, एवढं सांगायचं राहून गेलं होतं.