मास्टर रामचंद्र : बीजगणिताच्या वाटेने गणित शिकवणारा दिल्लीचा शिक्षक

नवी गणिती कल्पना विद्यार्थ्याला नव्या भाषेत शिकवावी, की त्याच्या परिचयाच्या रीतीतून त्याला तिथपर्यंत न्यावे, हा प्रश्न गणिताच्या प्रत्येक शिक्षकापुढे आजही उभा राहतो. दिल्ली कॉलेजातील शिक्षक मास्टर रामचंद्र यांनी १८५० मध्ये एका ग्रंथाद्वारे या प्रश्नाला आपले उत्तर दिले. कोलकात्यात त्या ग्रंथावर टीका झाली, लंडनमध्ये मात्र त्याची दखल घेण्यात आली.

रामचंद्र यांचा जन्म १८२१ मध्ये पानिपत येथे एका कायस्थ कुटुंबात झाला. वडील सुंदरलाल महसूल खात्यात नोकरीस होते. रामचंद्र लहान असतानाच त्यांचे निधन झाले आणि सहा मुलांच्या संगोपनाचा भार आईवर पडला. १८३३ मध्ये त्यांनी दिल्लीतील इंग्रजी शाळेत प्रवेश घेतला. परंतु घरच्या गरजेमुळे शिक्षण सोडून काही काळ त्यांना लेखनिकाची नोकरी करावी लागली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते पुन्हा अभ्यासाकडे वळले. १८४४ मध्ये दिल्ली कॉलेजच्या प्राच्य विभागात त्यांची विज्ञान व गणिताचे शिक्षक म्हणून नेमणूक झाली.

या विभागातील अध्यापन उर्दूतून होत असे. पाश्चात्त्य गणिताची पाठ्यपुस्तके त्या भाषेत जवळजवळ नव्हतीच. रामचंद्र यांनी अशा पुस्तकांच्या अनुवादाचे व लेखनाचे काम हाती घेतले. त्याचबरोबर 'फवाइदुन्नाजिरीन' आणि 'मुहिब्बे हिंद' या नियतकालिकांतून विज्ञानविषयक लेखनही सुरू ठेवले. पुढे उर्दूत गणिताची अनेक पुस्तके लिहिणारे मुन्शी जकाउल्ला हे त्यांचेच विद्यार्थी होत.

अध्यापन करताना एक अडचण त्यांच्यापुढे होती. एखाद्या राशीचे महत्तम किंवा लघुत्तम मूल्य काढण्यासाठी कलनशास्त्राचा उपयोग केला जातो. परंतु कलनातील अतिसूक्ष्म बदलाची कल्पना नवशिक्या विद्यार्थ्याला सहज उमगत नाही. सूत्र पाठ होते, उत्तरही येते, पण ते का आले हे कळत नाही. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथाचा परिचय असलेल्या रामचंद्र यांना वाटले की, भारतीय परंपरेत रुजलेले बीजगणितच येथे उपयोगी पडेल.

एका साध्या उदाहरणावरून त्यांच्या रीतीची कल्पना येईल. २० या संख्येचे असे दोन भाग करायचे आहेत की, त्यांचा गुणाकार सर्वांत मोठा यावा. एक भाग 'क्ष' मानला, तर दुसरा २० वजा क्ष होतो. गुणाकाराला 'र' म्हटले की वर्गसमीकरण तयार होते. ते सोडवल्यास क्ष ची किंमत १० अधिक किंवा उणे, १०० मधून र वजा केल्यावर येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ, अशी येते. ऋण संख्येचे वास्तव वर्गमूळ नसते. म्हणून र १०० पेक्षा मोठा असू शकत नाही. अर्थात महत्तम गुणाकार १०० असून दोन्ही भाग १०-१० आहेत. वर्गसमीकरण येणाऱ्या विद्यार्थ्याला यात एकही नवी संज्ञा शिकावी लागत नाही.

अशा अनेक उदाहरणांचा इंग्रजी ग्रंथ रामचंद्र यांनी १८५० मध्ये स्वखर्चाने कोलकाता येथे प्रसिद्ध केला. कलनासारखे प्रभावी साधन उपलब्ध असताना हा लांबचा मार्ग कशासाठी, असा टीकाकारांचा आक्षेप होता. तो अगदीच निराधार नव्हता, कारण समीकरणाचा घात वाढत जातो तशी ही रीत क्लिष्ट होते. कलनाला ही मर्यादा नाही.

याच सुमारास ड्रिंकवॉटर बेथून यांनी ग्रंथाची प्रत लंडनमधील गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांना पाठवली. १८०६ मध्ये मदुराई येथे जन्मलेल्या डी मॉर्गन यांनी तिचे महत्त्व ओळखून ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडे पाठपुरावा केला. त्यानुसार रामचंद्र यांना मानाची खिलत व २ हजार रुपयांचे पारितोषिक देण्यात आले. १८५९ मध्ये डी मॉर्गन यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथाची लंडन आवृत्तीही निघाली. भारतीयांच्या शिक्षणाचा पाया त्यांच्याच गणिती परंपरेवर उभारला जावा, अशी डी मॉर्गन यांची भूमिका होती.

दरम्यान रामचंद्र यांच्या आयुष्यात मोठी उलथापालथ झाली होती. १८५२ मध्ये त्यांनी डॉ. चिमनलाल यांच्यासमवेत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८५७ च्या उठावात चिमनलाल आणि कॉलेजचे प्राचार्य टेलर मारले गेले, तर रामचंद्र लपतछपत दिल्लीबाहेर पडल्याने बचावले. कॉलेज बंद पडले आणि त्याच्या ग्रंथालयाची लूट झाली. १८५८ मध्ये रुडकी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात काही महिने काम करून ते दिल्लीतील सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. प्रकृतीच्या कारणास्तव १८६६ मध्ये निवृत्ती पत्करल्यानंतर त्यांनी पतियाळा संस्थानात महाराजा महेंद्रसिंह यांचे शिक्षक म्हणून आणि पुढे शिक्षण खात्याचे प्रमुख म्हणून काम पाहिले. १८८० मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांची रीत अभ्यासक्रमात रुजली नाही. सर्वत्र कलनच शिकवले गेले आणि गणिताच्या प्रगतीसाठी ते आवश्यकही होते. मात्र विद्यार्थ्याला जे येते तेथून सुरुवात करावी, हा त्यांचा आग्रह आजच्या वर्गातही तितकाच लागू पडतो. बारावीत सूत्राने महत्तम मूल्य काढणाऱ्या विद्यार्थ्याला २० चे दोन भाग करून दाखवल्यास, उत्तर १०० च का येते हे त्याला स्वतःलाच सांगता येईल.