ज्यांना बसता येत नव्हते

महालात एखाद्या घरी सहज डोकावलात, तर कुणीतरी खिडकीच्या उजेडात कमरेचा फोटो धरून मणके मोजताना सापडेल. कंबर धरली की आपली पहिली धाव फोटोकडे! अशा वेळी याच नागपुरात कायदा शिकलेले बाबा आमटे आठवतात.

हिंगणघाटच्या जमीनदार घराण्यात २६ डिसेंबर १९१४ रोजी जन्मलेले मुरलीधर देविदास आमटे वरोऱ्याला वकिली करू लागले. १९४६ साली नागपूरच्या घुल्यांच्या इंदूशी त्यांचे लग्न झाले आणि ती साधनाताई झाली. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभे राहू लागले. विहीरसुद्धा स्वतःच खणायची होती.

पुढे कण्यानेच दगा दिला. मणक्यांमधल्या चकत्या म्हणजे निसर्गाने घातलेल्या गाद्याच. वयाबरोबर त्यांतले पाणी आटते, गादी चपटी होते, मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे फुटतात आणि नस दबली की कळ थेट पायात उतरते. साध्या क्ष-किरण फोटोत चकती दिसतच नाही. दिसते ती दोन मणक्यांमधली अरुंद झालेली फट. एमआरआयमध्ये मात्र पाणीदार चकती उजळ आणि आटलेली काळी दिसते. तरी गंमत अशी, की १९९४ साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांची अशी तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांची एखादी तरी चकती फुगलेली आढळली! फोटो आणि वेदना यांचा मेळ बसतोच असे नाही.

बाबांची वेदना मात्र पक्की होती. झीज मानेत होती, कमरेतही होती. बसणे कायमचे संपले. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. ते खाटेवर पडून राहिले असते, तरी कुणी नावे ठेवली नसती. पण डिसेंबर १९८५ मध्ये सत्तरी ओलांडलेले बाबा शंभराहून अधिक सायकलस्वार तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. मुले सायकलवर, बाबा गाडीतल्या बिछान्यावर. १९८८ मध्ये पुन्हा अरुणाचल ते गुजरात. आणि १९९० मध्ये आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला मुक्काम! साधनाताई बरोबर होत्याच. त्या दुखण्याचा अर्धा भार त्यांनी वाहिला, हे सांगायचे नेहमी राहून जाते.

९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा आनंदवनात गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता त्यांना तिथल्याच मातीत पुरले.