जागेच्या शोधातला अस्तित्ववाद: भाऊ पाध्ये कोण होते?

भाईंदरची खाडी ओलांडली की नायगाव. इथल्या नव्या टॉवरमधल्या कुणालाही विचारा, मुंबई सोडून इकडे का आलात? बहुतेकांचं उत्तर एकच: तिकडे जागा परवडत नाही. याच प्रश्नावर साठच्या दशकात एक मराठी कादंबरी आली होती, ‘वैतागवाडी’. मुंबईत डोक्यावर छप्पर शोधताना मध्यमवर्गीय माणसाचं काय होतं, त्याची ही गोष्ट. लेखक भाऊ पाध्ये.

खरं नाव प्रभाकर नारायण पाध्ये. (समीक्षक प्रभाकर पाध्ये वेगळे, गल्लत करू नका.) जन्म 1926 चा, दादरचा. अर्थशास्त्रात पदवी घेतली आणि थेट कामगार चळवळीत उतरले. मग शाळेत शिकवलं, एलआयसीत नोकरी केली आणि पुढे ‘नवशक्ती’त पत्रकारिता.

त्याच काळात पॅरिसहून एक शब्द जगभर पोचला होता: अस्तित्ववाद. सार्त्रचं म्हणणं सोप्या भाषेत असं. सुरी कशासाठी बनवायची, हे ती बनवणाऱ्याला आधीच माहीत असतं. माणसाचं तसं नाही. तो आधी जन्माला येतो आणि आपण कोण, हे पुढे स्वतःच्या निवडींतून ठरवतो. नशीब, खानदान, परिस्थिती यांच्यावर ढकलून सुटता येत नाही. काम्यूचा प्रश्न याहून अवघड: जगण्याला मुळात अर्थच नसेल, तर जगायचं कसं?

भाऊंनी हे तत्त्वज्ञान समजावत बसण्याऐवजी नाक्यावर उभी राहणारी पोरं लिहिली. 1965 च्या ‘वासूनाका’त पोक्या आणि त्याची गँग स्वतःच्याच भाषेत बोलते, शिव्यांसकट. आचार्य अत्र्यांनी पुस्तक अश्लील म्हणून झोडपलं. मला वाटतं, शिव्यांपेक्षा जास्त झोंबलं ते लेखकाचं गप्प राहणं. तो पोरांना सुधारत नाही, शिक्षाही देत नाही. त्या पोरांचं मुलींशी वागणं आज वाचताना खटकतं, आणि ते खटकायलाच हवं. पण निकाल देण्याचं काम भाऊ वाचकावर टाकून मोकळे होतात.

1967 मध्ये ‘बॅरिस्टर अनिरुद्ध धोपेश्वरकर’ आली. इथे नाका नाही, उच्चभ्रू घर आहे, तरी माणूस नात्यांमध्ये एकटाच. मराठीतल्या अस्तित्ववादी कादंबऱ्यांची चर्चा निघाली की नेमाड्यांच्या ‘कोसला’सोबत हिचंही नाव निघतं.

भाऊ 1996 मध्ये गेले. त्यांचं काहीच वाचलं नसेल, तर ‘वैतागवाडी’पासून सुरुवात करा. ईएमआय भरत असाल, तर नक्कीच.