अनिकेत आणि इन्सुलीचा फणस

आजचं वाचन गीतेच्या बाराव्या अध्यायातला एकोणिसावा श्लोक. निंदा-स्तुती ज्याला सारखी, मिळेल त्यात जो समाधानी आणि ज्याला स्वतःचं घर म्हणून काही नाही, तो भक्त देवाला प्रिय. ‘अनिकेत’ या शब्दावर मी नेहमी अडखळतो. घर नाही, हा गुण कसा काय?

मग आमच्या इन्सुलीतले सोहिरोबानाथ आंबिये आठवतात. जन्म १७१४ चा, मूळ नाव अच्युत. घराणं मूळचं पेडण्यातल्या पालयेचं, तिथून बांद्याला येऊन स्थायिक झालेलं. अच्युतरावांकडे बांद्याचं कुलकर्णीपण होतं. म्हणजे गावाचा सगळा हिशेब, जमिनीची दप्तरं त्यांच्याकडे. आजच्या भाषेत चांगली पक्की नोकरी.

एकदा सावंतवाडी दरबाराचं बोलावणं आलं. बांद्याहून वाडीला जाताना वाटेत इन्सुलीचं रान लागतं. आता तिथून हायवे जातो, चेकपोस्टवर ट्रक उभे असतात. तेव्हा फक्त झाडी. पस्तिशीचे अच्युतराव दमून बसले, बरोबरचा फणस फोडला. तेवढ्यात एक तेजस्वी पुरुष समोर आला आणि त्याने गरे मागितले. यांनी दिले. तो पुरुष म्हणजे गहिनीनाथ, निवृत्तिनाथांचे गुरू, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. दोघांमध्ये पाचशे वर्षांचं अंतर, हे इंजिनिअर डोक्याला पटत नाही. मी कॉलेजात असताना यावरून आजीशी भांडलोही होतो. आता भांडत नाही. दरबाराच्या वाटेवर घाईत असलेला माणूस अनोळखी माणसाला आपल्यातलं खायला देतो आणि त्यानंतर त्याला कुलकर्णीपण नकोसं होतं, एवढं मला पुरतं.

नोकरी सोडली, पण घर लगेच नाही सोडलं. पुढची पंचवीसेक वर्षं साधनेत आणि लिखाणात गेली. ‘सिद्धांतसंहिता’, ‘महदनुभवेश्वरी’, ‘पूर्णाक्षरी’, ‘अक्षयबोध’ हे त्यांचे ग्रंथ. त्यांची पदं तुम्ही जितेंद्र अभिषेकींच्या आवाजात ऐकलीच असतील.

आणि मग १७७४ मध्ये, साठाव्या वर्षी, ते बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. साठाव्या वर्षी आपण पेन्शनचे कागद शोधतो! उत्तरेकडची तीर्थं करत ते ग्वाल्हेरला पोचले. तिथे महादजी शिंद्यांचे बक्षी जिवबादादा केरकर होते, पेडण्याचेच. गाववाला भेटला की परक्या मुलुखात काय वाटतं ते बाहेर राहणाऱ्यांना सांगायला नको. त्यांच्यामुळे महादजींची भेट झाली. महादजी स्वतः कविता करायचे. त्यांनी आपल्या रचना दाखवल्या, कौतुकाची अपेक्षा असणारच. सोहिरोबांनी कौतुक केलं नाही. उलट हिंदुस्थानी बोलीत पद रचून आपल्याला कोणाची गरज नाही असं सुनावलं आणि निघाले. उत्तरेत ज्याचा शब्द चालायचा त्याच्यासमोर हे! मी अप्रेझलच्या आठवड्यात मॅनेजरच्या सुमार स्लाइड्सना मान डोलावतो, म्हणून मला हा प्रसंग जास्त टोचतो.

शेवटी ते उज्जैनला राहिले. तिथे मठ केला. १७९२ च्या रामनवमीला ते दिसेनासे झाले, असं सांगतात. तोवर मागे नकाशाच बदलला होता. १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीजांकडे गेलं आणि पूर्वजांचं पालये व बांदा यांच्यामध्ये सरहद्द आली. परतायचं ठरवलं असतं तरी ज्या मुलुखातून निघाले तो तसा उरला नव्हता. आज विर्नोड्याच्या सरकारी कॉलेजला त्यांचं नाव आहे, इन्सुलीत मंदिर आहे. गोवा म्हणतं आमचे, आम्ही म्हणतो आमचे.

परवा व्हिसाच्या फॉर्मवर कायमचा पत्ता विचारला होता. मी इन्सुली लिहिलं. त्या घराला तीन वर्षं कुलूप आहे, आणि ते विकायचं का असं काका विचारतायत. परसातल्या फणसाला यंदा खूप लागलेत म्हणे, काढायला कोणी नाही. काकांना रविवारी फोन करतो म्हटलंय.